जमावाचा खटला रंगमंचावर आणताना: मोंटाना, डिसेंबर १८६३

अमेरिकन वेस्टवर एकांकिका करायचं ठरलं की गट सगळ्यात आधी पिस्तूल शोधायला निघतो. पिस्तूल शेवटी शोधा. अॅरिझोनातल्या टूमस्टोन गावचा २६ ऑक्टोबर १८८१ चा तो जगप्रसिद्ध गोळीबार जेमतेम अर्ध्या मिनिटात आटोपला होता. तेवढ्यावर पन्नास मिनिटांचा प्रयोग उभा राहत नाही. त्या काळातली गुन्हेगारी आणि लोकांनी स्वतःच्या हातात घेतलेला न्याय यांतलं खरं नाट्य कामकाजात आहे. सभा कोण बोलावतो, अध्यक्ष कोण होतो, पंच कसे निवडले जातात, ठराव कोण मांडतो आणि मत कोणाला नसतं, हे दाखवता आलं की प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो.

त्यासाठी सगळ्यात योग्य घटना म्हणजे जॉर्ज आइव्ह्ज याच्यावरचा खुनाचा खटला. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका खटल्याभोवती आहे. बारा नट, पन्नास मिनिटं आणि कोल्हापुरात सहज मिळणारं सामान एवढं गृहीत धरलं आहे.

घटना आधी नीट समजून घ्या

२६ मे १८६३ रोजी आल्डर गल्च नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. काही महिन्यांत हजारो माणसं तिथं लोटली आणि ओढ्याकाठी व्हर्जिनिया सिटी, नेव्हाडा सिटी अशा वस्त्या उठल्या. आज मोंटानात असलेला हा मुलूख तेव्हा कागदोपत्री आयडाहो टेरिटरीत, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशात होता. तिची राजधानी लुइस्टन डोंगरांच्या पलीकडे, आणि हिवाळ्यात वाट बर्फानं बंद. टेरिटरीचे मुख्य न्यायाधीश म्हणून नेमलेले सिडनी एजर्टन याच भागात, बॅनॅकला येऊन थांबले होते, पण त्यांचं न्यायालय म्हणावं असं तिथं काही उभं नव्हतं. तंटा झाला की खाणकामगार सभा भरवायचे, अध्यक्ष निवडायचे, पंच बसवायचे. माणसाला महिनोन्‌महिने कोंडून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे शिक्षा तीनच: फटके, हद्दपारी किंवा फाशी. ही एक गोष्ट सगळ्या नटांना पाठ असू द्या. तुरुंग नाही म्हणजे मधली शिक्षा नाही, आणि मधली शिक्षा नाही म्हणून प्रत्येक वाद टोकाला जातो.

त्या डिसेंबरात निकोलस टीबोल्ट नावाचा तरुण जर्मन मुलगा मालकाची खेचरं आणायला गेला आणि परतलाच नाही. पुढे त्याचं प्रेत सापडलं. गाडीत घालून ते नेव्हाडा सिटीत आणलं, लोकांनी पाहिलं आणि माणसांची एक टोळी त्याच रात्री निघाली. लाँग जॉन फ्रँक याला त्यांनी आधी पकडलं, त्यानं आइव्ह्जचं नाव घेतलं आणि पुढे साक्षही दिली.

खटला १९ ते २१ डिसेंबर १८६३ असे तीन दिवस भर रस्त्यात चालला. न्यायाधीश मालवाहू गाडीवर, मध्ये पेटवलेली शेकोटी, भोवती हजारावर माणसं. फिर्यादीच्या बाजूनं २९ वर्षांचे वकील विल्बर सँडर्स. आरोपीलाही वकील होते, हे विसरू नका. पंच चोवीस होते, पण ते फक्त सल्ला द्यायला. अंतिम निर्णय जमलेल्या लोकांचा. पंचांनी तेवीस विरुद्ध एक असा कौल दिला. सँडर्स यांनी तो कौल मान्य करायचा ठराव लोकांपुढे ठेवला आणि पाठोपाठ दुसरा ठराव मांडला: आत्ताच्या आत्ता फाशी. आइव्ह्जनं आई-बहिणींना पत्र लिहायला सकाळपर्यंत मुदत मागितली. तेव्हा वर छपरावरून जॉन बाइडलर ओरडला, त्या पोराला यानं किती वेळ दिला होता ते आधी विचारा. तासाभरात एका अर्धवट बांधलेल्या घराच्या तुळईला दोर बांधला गेला आणि आइव्ह्जला खोक्यावर उभं केलं. शेवटपर्यंत तो म्हणत होता की खून आपण केलेला नाही.

इतक्यावर पडदा पाडला तर एकांकिका बरी होईल. पण ती खरी होते पुढच्या अकरा आठवड्यांमुळे. २३ डिसेंबरला काही जणांनी गुप्ततेची आणि एकमेकांना न सोडण्याची शपथ घेऊन दक्षता समिती स्थापन केली. ४ जानेवारी १८६४ ला त्यांनी इरास्टस येगर आणि जी. डब्ल्यू. ब्राउन यांना फाशी दिली. मरण्याआधी येगरनं नावांची यादी दिली. १० जानेवारीला बॅनॅकचा निवडून आलेला शेरीफ हेन्री प्लमर आणि त्याचे दोन साथीदार, खटल्याशिवाय, त्याच फाशीच्या खांबावर जो प्लमरनं शेरीफ म्हणून उभारून घेतला होता. दुसऱ्या दिवशी होजे पिझान्थिया हा मेक्सिकन माणूस: त्याच्या झोपडीवर तोफेचे गोळे टाकले, त्याला लटकवलं, गोळ्या घातल्या, आणि झोपडी पेटवून त्यात प्रेत जाळलं. १४ जानेवारीला व्हर्जिनिया सिटीत एकाच तुळईला पाच जण. आणि १० मार्चला जॅक स्लेड, ज्याच्यावर तिथं खुनाचा आरोपच नव्हता. दारू पिऊन दुकानं फोडणं, दंगा करणं आणि लोकन्यायालयाचा हुकूमनामा फाडणं एवढ्यावर त्याला लटकवलं.

तीन दिवसांचा खटला, मग एका रात्रीची चौकशी, मग नुसती यादी, मग नुसता राग. हा उतार दिसला पाहिजे. प्रयोगाचं काम एवढंच आहे.

संहिता: वेळ आखडत न्या

उतार दाखवायची सगळ्यात साधी रीत म्हणजे प्रवेशांची लांबी. प्रेत सापडण्याचा प्रवेश ४ मिनिटं. खटला २८ मिनिटं. ठराव आणि फाशी ६ मिनिटं. येगर-ब्राउन ४ मिनिटं. प्लमर २ मिनिटं. पाच जणांची फाशी १ मिनिट. स्लेड ४० सेकंद. बेरीज पावणेसेहेचाळीस मिनिटांच्या आसपास जाते, उरलेली चार मिनिटं काळोख, हालचाल आणि टाळ्या-हशा यांत जातात. पहिल्या वाचनात खटला हमखास चाळिशी गाठतो. तेव्हा कात्री खटल्यालाच लावा, शेवटच्या तुकड्यांना नाही. वेळ संपली म्हणून शेवट उरकला तर तो उतार वाटत नाही, घाई वाटते. शेवटचे चार प्रवेश आधी बसवा आणि खटला नंतर, म्हणजे हा धोका राहत नाही.

२८ मिनिटांत पाच टप्पे बसतात. पंच किती आणि कुठले यावरचा वाद, ५ मिनिटं. कंटाळवाणा वाटला तरी काढू नका, कारण कायदा नसताना माणसं नियम कशी घडवतात ते इथंच दिसतं. लाँग जॉनची साक्ष, ८ मिनिटं. बचावाचे वकील आणि त्यांना मिळणारी धमकावणी, ७ मिनिटं. टीबोल्टच्या खुनाशी संबंध नसलेल्या इतर दरोड्यांच्या गोष्टी साक्षीत शिरतात तो भाग, ४ मिनिटं. हा फार मोलाचा आहे: एका गुन्ह्याचा खटला हळूहळू एका माणसाच्या लौकिकाचा खटला होतो. शेवटची ४ मिनिटं पंचांचा कौल.

त्या एकट्या पंचाला भाषण देऊ नका. लेखकाला मोह होतो की हा आपला नायक, याच्या तोंडी सगळं तत्त्वज्ञान घालू. तो काय विचार करत होता हे ठामपणे सांगायला आपल्यापाशी आधार नाही. तेवीस हात वर जातात, एक जात नाही आणि शेजारचा त्याच्याकडे बघतो. एवढं पुरतं. आता बारा नटांत चोवीस पंच कुठून आणायचे? सहा पंच मंचावर, बाकीचे अठरा म्हणजे पहिल्या रांगेतले प्रेक्षक. त्यांना प्रयोगाआधी दारातच अंक लिहिलेली चिठ्ठी द्या आणि ‘अध्यक्षांनी विचारलं की हात वर करा’ एवढंच सांगा. जास्त समजावलंत तर ते अभिनय करायला लागतात.

लोकांच्या मतासाठी मात्र खबरदारी घ्या. सभागृहभर पाच-सहा जण पेरून ठेवा, दोन बाल्कनीत. ठराव वाचला की ते ‘मंजूर!’ म्हणून ओरडतील आणि बाकीचे त्यांच्यामागे जातील. क्वचित ‘नामंजूर’चा आवाज मोठा येतो, कॉलेजच्या प्रेक्षकांत तर हटकून. त्यासाठी अध्यक्षाला दोन वाक्यं लिहून द्या: आवाज मोठा आला तर ‘बहुमत मंजुरीकडे दिसतं’, आणि कोणी हरकत घेतली तर ‘सभेनं निर्णय घेतला आहे’. तोच कागद, तोच आवाज, तीच घाई. मोजणी कोणी करत नाही, आणि हे प्रेक्षकाला स्वतःच्या घशातून कळलं की समजावून सांगायची गरज उरत नाही.

स्लेडऐवजी दुसरा शेवट हवा असेल तर मार्च १८६६ मधला हेलेना गावचा जेम्स डॅनियल्स घ्या. हंगामी गव्हर्नरांनी त्याच्या शिक्षेला दिलेल्या तहकुबीचा कागद खिशात असताना लोकांनी त्याला लटकवलं. तोवर न्यायालयं आली होती. मुख्य न्यायाधीश हेझेकाया हॉस्मर यांनी डिसेंबर १८६४ मध्येच बजावलं होतं की आता हे काम न्यायालयावर सोडा. कायदा नव्हता म्हणून जमावानं न्याय केला, ही सबब कायदा आल्यावरही सुटत नाही, हे डॅनियल्सच्या प्रवेशातून जास्त टोकदारपणे येतं. पण दोन्ही शेवट एकत्र घेऊ नका.

भाषा

डब केलेल्या सिनेमाची मराठी टाळा. ‘ओह, तू असं करू शकत नाहीस, मित्रा’ हे वाक्य कोल्हापूरच्या प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात बाहेर फेकतं. उलट टोकाला जाऊन खाणकामगाराच्या तोंडी ‘काय भावा’ घातलंत की हशा पिकतो, आणि त्या हशातून खटला परत वर येत नाही. मधला मार्ग असा: वकिलांची भाषा प्रमाण, थोडी जुन्या कोर्टाच्या वळणाची. ‘फिर्यादी’, ‘साक्षीदार’, ‘कौल’, ‘हरकत’ हे शब्द घ्या. कामगारांची वाक्यं तोडकी, क्रियापद आधी, शिवी एखादीच. त्या वस्तीत आयरिश होते, जर्मन होते, आणि यादवी युद्ध चालू असल्यामुळे उत्तरेकडचे नि दक्षिणेकडचे एकमेकांकडे संशयानं बघत होते. ते वेगळेपण बोलीच्या नकलेनं दाखवण्यापेक्षा कोण कोणाशेजारी उभा राहत नाही यातून दाखवा.

पदनामं नीट वापरा, कारण बहुतेक संहिता इथं घसरतात. शेरीफ हा काउंटीचा किंवा खाणविभागाचा निवडून दिलेला माणूस. टाउन मार्शल हा गावानं नेमलेला. यू.एस. मार्शल हा केंद्र सरकारचा. तिघांना छातीवरच्या एकाच चांदणीच्या बिल्ल्यात कोंबू नका. आइव्ह्जच्या खटल्यात तर चांदणी लावलेला कोणीही माणूस नायक नाही. समितीत पुढे दिसतात ते व्यापारी, मालवाहतूकदार, वकील. तोंडावर फडकी बांधलेले घोडेस्वार मंचावर आणलेत तर ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तीच हातातून जाते. ही ओळखीची, घरदार असलेली, हिशेब ठेवणारी माणसं होती.

मंच

खटला उघड्यावर झाला होता, म्हणून कॉलेजचं आवार मिळत असेल तर नाट्यगृहापेक्षा तेच घ्या. बंद जागा हवी असेल तर दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन यासारखं मध्यम सभागृह पुरतं. मोठ्या मंचावर बारा माणसं हजार वाटत नाहीत.

दोन गाड्या लागतात. बैलगाडी आणू नका. ती दोन चाकांची, आणि अमेरिकन मालगाडी चार चाकांची, मागची चाकं मोठी. आठ बाय चार फुटी, दीड फूट उंचीची लेव्हल (लाकडी चौथरा) घ्या आणि प्रेक्षकांच्या बाजूला फक्त चाकं उभी करा. १२ मिमी प्लायच्या एका आठ बाय चार शीटमधून ४६ इंचाचं मागचं आणि ४० इंचाचं पुढचं चाक निघतं, म्हणजे दोन गाड्यांना दोन शीट. मधला भाग कापून बारा-चौदा आरे दीड इंची रिपांचे ठोका. नुसते रंगवलेले आरे बाजूच्या प्रकाशात सपाट दिसतात. लाकूड टिंबर मार्केटमध्ये मिळेल, वखारीतली जुनी फळी मागा, नवी पांढरी फळी रंगवूनही नवीच दिसते. न्यायाधीश आणि लेखनिक एका गाडीवर, साक्षीदार दुसऱ्या गाडीजवळ, पंच अर्धवर्तुळात, मध्ये शेकोटी.

उजव्या विंगेजवळ अर्धवट घर: साडेआठ फुटी दोन खांब आणि एक तुळई. ही तुळई पहिल्या मिनिटापासून दिसू द्या, पण तिच्यावर प्रकाश टाकू नका. खोकी फळबाजारातली चालतात, बारदान गूळ व्यापाऱ्यांकडे मिळतं. दोन्हीवरची मराठी-इंग्रजी छपाई आतल्या बाजूला वळवा. वस्तीत चलन म्हणून सोन्याची भुकटी चालायची, तेव्हा गुजरीतून जुना पितळी तराजू भाड्यानं किंवा उसना आणा आणि लेखनिकाच्या टेबलावर ठेवा. तराजू न्यायाचं चिन्ह म्हणून फिरवू नका, दारूचे पैसे तोलायला वापरा.

शेकोटीत खरा विस्तव नको, आवारात प्रयोग असला तरी नको. शाहू महाराजांनी उभारलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये कसं जळालं ते या गावानं पाहिलं आहे. ओंडक्यांच्या आत दोन अंबर एलईडी आणि त्यांवर चुरगळलेलं जिलेटिन ठेवा, आणि तीन पातळ्यांवर हळू बदलत राहील असं डिमरवर बसवा. वेगानं लुकलुकलं तर लग्नाची रोषणाई दिसते. तोंडावर येणारा प्रकाश खालून हवा, म्हणून दोन पार लाइट जमिनीवर, गाडीच्या चाकांमागे. पहिल्या दिवसाला पांढरट निळा, तिसऱ्या दिवशी उतरती संध्याकाळ, फाशीला जवळपास काळोख.

कपडे आणि हत्यारं

१८६३ साल आहे हे रोज एकदा स्वतःला बजावा. त्या सालात नसलेल्या वस्तू अशा: रिव्हेट मारलेली जीन्स (पेटंट १८७३), काटेरी तार (ग्लिडेनचं पेटंट १८७४), कोल्टचं ‘पीसमेकर’ आणि विंचेस्टरची प्रसिद्ध रायफल (दोन्ही १८७३), स्टेटसनची रुंद काठाची हॅट (१८६५). म्हणजे सिनेमातला गुराखी जसा दिसतो तसा कोणीच नाही. तसाही हा खाणकामगारांचा गाव आहे, गुराख्यांचा नाही.

पँट जाड सुती किंवा लोकरी, पट्ट्याऐवजी खांद्यावरून गेलेले गॅलिस. सदरा सैल, वरून डोकं घालायचा, अर्ध्यापर्यंत बटणं. हॅट मऊ फेल्टची, काठ तीन इंच. जुन्या फेल्ट हॅटला वाफ देऊन काठ हातानं खाली ओढला की काम होतं. डोंगरातला डिसेंबर आहे, तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर काहीतरी लोकरीचं हवंच. धनगरी घोंगडी दोन ठिकाणी शिवून ओव्हरकोटासारखी घेता येते, फक्त काठ आत दुमडा, नाहीतर प्रेक्षक लगेच ओळखतो. नटांना थंडी वाजते आहे हे तालमीत रोज पाच मिनिटं करून घ्या: हात काखेत, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, शेकोटीकडे सरकणं. बारा जणांत दोघं जरी विसरले तरी बर्फ वितळतो.

पिस्तुलं तीनच, आणि तीही पहारेकऱ्यांकडे. त्या काळी सर्रास दिसणारं १८५१ चं कोल्ट नेव्ही घ्या: .३६ कॅलिबर, सहा बार, साडेसात इंची अष्टकोनी नळी, एकूण लांबी १३ इंच, वजन सुमारे १.२ किलो. दस्ता शिवणी लाकडाचा, नळीला पाऊण इंची पीव्हीसी पाइपवर आठ पट्ट्या चिकटवून काळपट राखाडी रंग. आत शिशाचे तुकडे भरून वजन किलोभर करा. हलकं पिस्तूल हातात आलं की नट ते फिरवायला लागतो. प्रत्येक कप्प्यात दारू, मग गोळी, मागे टोपी असं भरावं लागायचं, सहा बार भरायला कित्येक मिनिटं जायची. म्हणून त्या काळचा माणूस गोळी जपून मारायचा. म्यान चप्पल लाईनमधल्या कारागिराकडून तीन मिमी जाडीच्या चामड्याचं शिवून घ्या, कमरेला उंच बसणारं. मांडीला बांधलेलं खाली लोंबतं म्यान सिनेमाचं आहे.

मंचावर एकही बार उडत नाही, टिकलीसुद्धा नाही. आवाज लागलाच तर विंगेबाहेरून, रेकॉर्ड केलेला. ही पिस्तुलं गावातून नेताना बंद पेटीत न्या, वर गटाचं नाव लिहा, आणि आवारात किंवा रस्त्यालगत प्रयोग असेल तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे दोन महिने आधी पाठवलेली बरी.

फाशीचा प्रवेश

इथं कोणतीही तडजोड नको. नटाच्या गळ्यात दोर घालायचाच नाही. सैल नाही, सुटणारा नाही, तालमीत गंमत म्हणून नाही. पाय घसरायला एक क्षण लागतो आणि मान सांभाळायला कोणी जवळ नसतो.

दोर जाड हवा, १८ ते २० मिमीचा, तागाचा किंवा मनिला. नायलॉन चमकतो. फास नटाच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला एक फूट अंतरावर लोंबतो. आठव्या रांगेच्या मागून तो गळ्याभोवतीच दिसतो. पहिल्या सात रांगांसाठी नटाला थोडं तिरकं उभं करा आणि प्रकाश पाठीमागून द्या. दोराचं वरचं टोक तुळईला बांधायचं नाही, दोन इंची वेल्क्रोनं चिकटवायचं. प्रयोगाआधी दर वेळी तीन किलो तांदळाची पिशवी फासाला अडकवून बघा. पिशवीसकट दोर खाली आला पाहिजे. नाही आला तर वेल्क्रो कमी करा. ही चाचणी एकाच माणसाकडे सोपवा आणि ती झाल्याचं त्यानं दिग्दर्शकाला तोंडानं सांगितल्याशिवाय पडदा उघडू नका.

खोकं दीड फूट उंच, आतून आडवी फळी मारलेलं, खाली रबराचे तुकडे. नट त्यावर उभा राहतो आणि तिथून हलत नाही. हुकूम दिला जातो, पूर्ण काळोख, काळोखानंतर दोन सेकंदांनी विंगेत रिकामं खोकं लाकडी फळीवर आपटायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आवाज आधी आणि काळोख नंतर, तर खोक्यावर शांत उभा असलेला आइव्ह्ज सगळ्यांना दिसतो. म्हणून प्रकाशवाला आणि विंगेतला माणूस यांच्यात खुणेचा लाल दिवा ठेवा आणि हा एवढाच तुकडा निदान तीस वेळा करून घ्या.

पुढच्या फाशीच्या प्रवेशांत दोरही दाखवू नका. येगर-ब्राउनच्या वेळी कंदिलाचा प्रकाश आणि कागदावर नावं लिहिणारा हात. प्लमरच्या वेळी फक्त तुळई. पाच जणांच्या वेळी लेखनिक नावं वाचतो, प्रत्येक नावानंतर विंगेत खोकं वाजतं. स्लेडच्या वेळी नाव वाचलं जातं, लेखनिक गुन्ह्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून वर बघतो, उत्तर येत नाही, काळोख. पिझान्थियाचं नाव लेखनिकाच्या वहीतून गाळू नका. मंचावर तोफ आणता येणार नाही, पण त्याच्यापुढे ‘मेक्सिकन’ एवढाच शब्द लिहिला जातो हे वाचून दाखवता येतं. जमावाच्या न्यायाची धार परक्यांवर जास्त चालली हा त्या काळाचा मोठा भाग आहे. लॉस एंजेलिसमध्ये २४ ऑक्टोबर १८७१ ला जमावानं अठराच्या आसपास चिनी माणसं मारली. आठ जणांना शिक्षा झाली, ती पुढे रद्द झाली.

तालीम आणि गर्दी

महिनाभर धरा. पहिला आठवडा टेबलावर, त्यातले दोन दिवस फक्त तारखा आणि पदं. दुसऱ्या आठवड्यात शेवटचे प्रवेश, तिसऱ्यात खटला, चौथ्यात सामान आणि प्रकाश. गर्दी ही वेगळी तालीम आहे. बारा जणांना तीन गटांत वाटा: गाडीजवळचे, शेकोटीजवळचे, कडेला उभे. प्रत्येक गटाला एक मत द्या आणि ते खटल्यादरम्यान एकदा बदलायला लावा. सगळे एकाच वेळी ओरडले तर बारा माणसं बाराच वाटतात. एक गट ओरडतो, दुसरा कुजबुजतो, तिसरा गप्प राहतो, तेव्हा मागे आणखी माणसं असल्याचा भास होतो. विंगेतून कुजबुजीचा रेकॉर्ड केलेला थर हलका ठेवा, साक्षीच्या वेळी पूर्ण बंद.

आइव्ह्जचं काम करणाऱ्याला दोषी आहे की निर्दोष ते ठरवू देऊ नका. तो ठरवून आला की डोळ्यांतून कळतं. देखणा, हसतमुख, आपल्याला कोणी हात लावणार नाही अशा खात्रीनं बसलेला माणूस. ती खात्री तिसऱ्या दिवशी कधी सुटते ते त्याला शोधू द्या.

प्रयोगानंतरची चर्चा

वीस मिनिटं ठेवा, आणि चालवणारा माणूस गटाबाहेरचा असू द्या. वकील असेल तर उत्तम. पहिला प्रश्न विचारा: हात वर करताना किंवा ‘मंजूर’ म्हणताना तुम्ही काय ऐकलं होतं? बोलणं आपोआप इकडच्या घटनांकडे वळतं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, ती गोष्ट कोणी ना कोणी काढतंच. नागपूरच्या कस्तुरबा नगरातल्या बायकांनी ऑगस्ट २००४ मध्ये वस्तीला छळणाऱ्या गुंडाला न्यायालयातच मारलं, तीही निघते. या दोन घटना एका मापानं मोजू नका, प्रेक्षकांना त्यांच्यातला फरक बोलू द्या: कुठं अफवा होती, कुठं वर्षानुवर्षांची न ऐकलेली तक्रार होती. वकील असेल तर त्यानं भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ (२) सांगावं. वंश, जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनात प्रत्येकाला जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकतो. मारणारा हात कोणाचा हा प्रश्न तिथं एकट्यावर थांबत नाही.

प्लमर खरंच दरोडेखोरांचा म्होरक्या होता का, हा प्रश्न शेवटी येतोच. गटातल्या प्रत्येकानं एकच उत्तर द्यायचं: इतिहासकारांत यावर एकमत नाही. त्याच्यावर कधी खटला चाललाच नाही, त्यामुळे पुरावा तपासला गेला नाही. १९९३ साली व्हर्जिनिया सिटीत त्याच्यावर मरणोत्तर अभिरूप खटला चालवला, तेव्हा बारा पंचांत सहा एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला राहिले.